पेंटर येणार म्हणून आवरलेलं घर

पेंटर येणार म्हणून घर आवरणारी माणसं जगाच्या पाठीवर फक्त आमच्या घरात राहतात. पैज लावायला तयार आहे मी.

म्हणजे बघा, पेंटर कशासाठी येतो? भिंती खराब झाल्यात म्हणून येतो. मग त्याला दाखवायचं काय? खराब भिंती. इतकी साधी गोष्ट. पण त्या रविवारी सकाळी आमच्याकडे जी धावपळ चालली होती ती पाहून कुणालाही वाटलं असतं की बाबांचे साहेब सहकुटुंब जेवायला येतायत. आई पलंगपोस बदलत होती. बाबा हॉलमधलं लोखंडी कपाट ढकलत होते. ढकलत म्हणजे काय, दोघांची कुस्तीच चालली होती आणि कपाट जिंकत होतं.

"हात लाव ग जरा! नुसती बघत काय उभी राहिलीस?"

"पण बाबा, ते खिडकीजवळ बरं होतं की."

"इथे जास्त बरं दिसतं."

बरं दिसतं म्हणे! 'इथे' म्हणजे बाथरूमला लागून असलेली भिंत. तिला कमरेपर्यंत ओल आलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि पोपड्यांच्या आतून भिंत आजारी माणसाच्या जिभेसारखी दिसायची. नुसतं बोट लावलं तरी भुकटी खाली पडायची. कपाट बरोब्बर त्या भिंतीसमोर जाऊन छाती काढून उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या दारावरची भेग कॅलेंडरखाली गेली. आणि पॅसेजमध्ये खिळे उपटून उपटून झालेली जी भोकं होती, त्यांच्यावर आईने काय टांगावं? वादविवाद स्पर्धेतलं माझं प्रमाणपत्र! फ्रेम करा, फ्रेम करा म्हणून मी कधीची मागे लागले होते, ते शेवटी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासोबत रद्दीत जायच्या बेतात होतं. आज त्याला फ्रेम मिळाली. कुणाच्या तरी जुन्या फोटोची, पण मिळाली. माझा सन्मान झाला तो असा, भोकं बुजवायला.

"अग आई, त्या माणसाला भिंतीच बघायच्यात ना?"

"बघेल की. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर एकदम सगळं काय अंगावर जायला हवं?"

आत्या दारात उभी राहून दात घासत होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, आता निवृत्त झालीय आणि आमच्याकडेच असते. तोंडातला फेस सांभाळत ती म्हणाली, "लपवा, लपवा. त्यालाही आवडतं शोधायला."

आता या सगळ्यात माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. मागच्या खोलीत.

आमच्याकडे मागच्या बाजूला एक लहानशी खोली आहे. तिला सगळे अडगळीची खोली म्हणतात. त्यात बंद पडलेला कूलर, तीन पायांची खुर्ची, आत्याच्या बँकेतल्या जुन्या डायऱ्या आणि आईचं 'कधीतरी उपयोगी पडेल' अशा नावाचं भलंमोठं खोकं असतं. मी राहते आत्याच्या खोलीत. राहते म्हणजे भाडेकरूसारखी. माझी घडीची खाट, एक फळी आणि अर्धी खिडकी. उरलेल्या अर्ध्या खिडकीत आत्याची रोपं. मी अभ्यासाला बसले की आत्या फोनवर मैत्रिणीला बँकेतल्या गोष्टी सांगायला लागते, आणि त्या इतक्या चविष्ट असतात की इतिहासाच्या पुस्तकातल्या सगळ्या लढाया मला फिक्या वाटायला लागतात. यात मार्क कुणाचे जातात? माझे.

बाबांनी कबूल केलं होतं. आई साक्षीला, आत्या साक्षीला. "घराला रंग काढू तेव्हा मागची खोली रिकामी करू, रंगवू आणि तुला देऊ." रंग न लावता ती खोली देता येत नव्हती, कारण तिच्या भिंतींवर जुना चुना होता आणि टेकलं की पाठ पांढरी व्हायची. रंग हवाच होता. आणि आता रंग निघणार होता, कारण मोठे काका येणार होते. मोठे काका म्हणजे बाबांचे दादा. ते दुसऱ्या गावी असतात, गेल्या वर्षी त्यांनी नवं घर घेतलं, आणि त्या घराचे फोटो आल्यापासून बाबांना आमच्या भिंती दिसायला लागल्या होत्या.

पेंटर आला. पांढराशुभ्र शर्ट, कानावर पेन्सिल, हातात टेप. अंगावर रंगाचा एक ठिपका नाही. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पेंटर तुम्हीच ना?"

"डाग शोधताय का साहेब?" तो हसला. "डाग पडतात ते शिकाऊ पोरांच्या अंगावर."

आत्या लगेच माझ्या कानात म्हणाली, "वा! हा स्वतःला रंगाऱ्यांचा राजा समजतो. महागात पडणार." तेव्हापासून आमच्या दोघींपुरतं त्याचं नाव पांढरा शर्ट.

पांढरा शर्ट घरभर फिरला. मला वाटलं होतं, खोल्या मोजेल आणि आकडा सांगेल. पण हा तर एकेका गोष्टीला हात लावून दर चढवत होता! हॉलचं छत बघितलं आणि म्हणाला, "उंची चांगलीय. चढायला घोडी लागेल, वरचं काम हळू होतं." उंची चांगली असल्याचा दंड. स्वयंपाकघरात नखाने भिंत खरवडली. "हा ऑइल पेंट आहे. घासून काढल्याशिवाय वर काही धरणार नाही." खिडक्यांचे गज मोजले, दारांच्या चौकटी मोजल्या. सामान आम्ही हलवायचं की त्याच्या माणसांनी, माल आम्ही आणायचा की त्याने, लांबी एकदाच भरायची की दोनदा. लांबी म्हणजे तो पांढरा लगदा, भिंतीचे खड्डे बुजवायचा. काका येताहेत म्हणून घाई आहे असं बाबा बोलून गेले मात्र, त्याने पेन्सिल पुन्हा कानावरून काढली.

"घाई असेल तर माणसं वाढवावी लागतील."

बाबांनी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच.

मग त्याने तो प्रश्न विचारला.

"ओल-बिल काही?"

"छे छे!" बाबा म्हणाले. "खडखडीत कोरडं घर आहे आमचं."

मी तोंड उघडलं. "बाबा, त्या कपाटाच्या माग..."

"तू चहा टाक जा," आई म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, डोळे असे वटारले की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले.

चहा टाकायचा! घरातल्या बाईमाणसाने खरं बोलायला तोंड उघडलं की तिला चहा टाकायला का पाठवतात, हा माझा पुढच्या स्पर्धेचा विषय असणार आहे.

मी बाहेर आले तोवर पांढरा शर्ट कपाटासमोर उभा होता. "हे जरा सरकवलं तर?"

"फार जड आहे हो. कधीपासून तिथेच आहे."

कपाटाच्या पायांचे ताजे ओरखडे खिडकीपासून तिथपर्यंत फरशीवर उमटले होते. मला ते दिसत होते. पांढऱ्या शर्टालाही दिसले असणार, पण त्याने चहाचा कप उचलला. चहा प्यायला, आकडा सांगितला. बाबांनी छातीवर हात ठेवला. मग बराच वेळ दोघांची ओढाताण झाली. 'परवडत नाही' हे वाक्य दोघांनीही इतक्या वेळा म्हटलं की ते नक्की कुणाला परवडत नाही हेच मला कळेना. शेवटी एका आकड्यावर गाडी थांबली. मागची खोली धरून. हे मी दोनदा विचारून घेतलं.

"मागची खोली धरून ना?"

"धरून," पांढरा शर्ट म्हणाला. "कुठला रंग हवाय ताईंना?"

ताई! मला! "मोरपिशी," मी म्हटलं.

"गडद आहे. एक हात जास्त मारावा लागेल."

"एकच भिंत मोरपिशी. बाकीच्या साध्या," मी ताबडतोब म्हटलं. मला व्यवहार कळतो.

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! पांढऱ्या शर्टाच्या पिशवीत रंगांचं जाडजूड पुस्तक होतं. त्यात बाबांना सोनेरी लाटा सापडल्या. म्हणजे सोफ्यामागच्या भिंतीवर खरबरीत नक्षी काढायची आणि तिच्यावर सोनेरी झाक. दादाच्या नव्या घरात अशी भिंत नाही, हे बाबा बोलले नाहीत, पण पुस्तकावरून बोट फिरवताना त्यांचा चेहरा सांगत होता. लाटांचे पैसे वेगळे. बाबा हो म्हणाले. त्यांनी एकदाही छातीवर हात ठेवला नाही.

काम सुरू झालं त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती, त्यामुळे जे झालं ते मी याच डोळ्यांनी पाहिलं.

पांढऱ्या शर्टाची दोन माणसं आली. तो स्वतः आज मळक्या कपड्यांत होता, आणि सांगायला आनंद होतो की त्याच्या अंगावर भरपूर डाग होते. त्यांनी आधी कॅलेंडर काढलं. भेग. मग माझं प्रमाणपत्र काढलं. भोकं. सोफा ओढला. सोफ्यामागे भिंतीचा एवढा मोठा पापुद्रा सुटलेला, तो मलाही माहीत नव्हता. तो आईचा खासगी होता. आणि मग दोघांनी मिळून कपाट खिडकीपाशी सरकवलं.

 एक पोपडा सुटला आणि टप्पकन खाली पडला.

पांढऱ्या शर्टाने भिंतीवर तळवा ठेवला, मग तो तळवा बाबांसमोर धरला. ओला.

"खडखडीत कोरडं म्हणाला होतात."

"ते... हवेने असेल."

"साहेब, आतला पाइप गळतोय." त्याने रंगाचा डबा उलटा केला आणि त्यावर बसला. आता हा उठत नाही, हे माझ्या लक्षात आलं. "मला एक सांगा. शिंप्याकडे माप द्यायला जाता तेव्हा पोट आत ओढून उभे राहता का?"

"ओढतो की!" आत्या मागून म्हणाली. "म्हणून तर याच्या सदऱ्याची बटणं तुटतात."

"अक्का, तू गप्प बस."

"आणि मग सदरा घट्ट झाला की शिंप्याच्या नावाने ओरडायचं," पांढरा शर्ट म्हणाला. "या भिंतीवर रंग लावून मी गेलो की महिन्याभरात पोपडे. मग सगळीकडे सांगणार, पेंटर चोर होता. आणि ही भेग, ही भोकं, हा पापुद्रा? हे सगळं खरवडायचं, भरायचं, घासायचं. यात माणसांचे दिवस जातात. त्या आकड्यात हे बसत नाही."

"ठरलं होतं ना पण!"

"ठरलं होतं. तुम्ही दाखवलं त्या घराचं ठरलं होतं. हे घर मी आज पहिल्यांदा बघतोय."

खरं सांगू? मला त्याचाही राग आला. कपाटाचे ओरखडे याने त्याच दिवशी पाहिले होते! तेव्हा बोलला असता तर? पण नाही. तेव्हा चहा पिऊन कमी आकड्याला मान डोलवायची आणि अर्धं घर उघडं पडलं की डब्यावर बसायचं. मी त्याला तसं तोंडावर विचारलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? फरशीवर ओरखडे होते."

तो जरा गडबडला. कान खाजवत म्हणाला, "गिऱ्हाईक नाही म्हणत असताना मी कपाट ढकलू का? काम जातं हातचं."

म्हणजे हेही लपवतात आणि तेही लपवतात! आणि या दोघांच्या लपाछपीत राज्य कुणावर? तर माझ्यावर. कसं ते ऐका.

बाबांनी आकडा वाढवायला साफ नकार दिला. पांढऱ्या शर्टाने आकडा तोच ठेवायला साफ नकार दिला. मग बाबांनी मधला मार्ग काढला. बाबांच्या प्रत्येक मधल्या मार्गावर मीच उभी असते.

"असं करा," ते म्हणाले, "मागची खोली सोडून द्या. तिथे तसंही कोण जातं?"

इतक्या सहज! शर्टावरचा दोरा झटकावा तसं.

"मी जाणार होते!" माझा आवाज फाटला. "मी जाणार होते तिथे! तुम्ही कबूल केलं होतं!"

"अग, पुढच्या वेळी करू."

"पुढच्या वेळी? मागच्या वेळी घराला रंग दिला तेव्हा मी रांगत होते. पुढच्या वेळी माझी पोरं रांगत असतील!"

"बघ, बघ कशी बोलते. त्या स्पर्धेत उतरल्यापासून जीभ फुटलीय हिला."

"लाटा काढा मग! सोनेरी लाटा रद्द करा!"

"तो हॉल आहे. चार माणसं येतात, बसतात."

"चार माणसं वर्षातून एकदा येतात. मी रोज राहते!"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना ऑफिस आठवलं. आईकडे पाहिलं तर ती कॅलेंडरची गुंडाळी करत होती. तशी आई माझ्या बाजूने असते, पण पापुद्र्यामुळे त्या दिवशी तिला बोलायला तोंड नव्हतं. आणि ओलीचं काय झालं? काही नाही. बाबा जाता जाता म्हणाले, "त्या भिंतीला वरवर एक हात मारा. पुढे कपाट येणारच आहे."

पुढे कपाट येणारच आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथून बरेच दिवस खाली उतरली नाही. एका भिंतीवरच्या लाटांमध्ये माझी अख्खी खोली बुडाली होती, आणि बुडवणारे वर्तमानपत्र वाचत होते, चहा पीत होते, 'मीठ दे ग इकडे' म्हणत होते. मी मीठ दिलं. पण शब्द दिला नाही. नंतर कितीतरी वेळ घरात मी फक्त हो आणि नाही एवढंच बोलत होते. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

हॉल आधी झाला. तीन भिंती झाल्या, ओलीवर वरवर हात फिरला, सोफ्यामागची भिंत लाटांसाठी तेवढी पांढरी ठेवली होती. पांढऱ्या शर्टाची माणसं स्वयंपाकघरात भांडी झाकून ऑइल पेंट घासायला लागली. मी शाळेतून आले आणि हॉलच्या दारात उभी राहिले. काय सुंदर दिसत होता तो! रिकामा, उजळ, नव्या रंगाच्या वासाचा. दोन खिडक्या. दोन, म्हणजे अर्धीच्या चौपट. आणि माझ्या डोक्यात एक साधा, सरळ, निर्मळ विचार आला. रंग लावलेली खोली मला द्यायची ठरली होती. ही बघा रंग लावलेली खोली.

मी आत्याच्या खोलीत गेले आणि खाटेची घडी घातली.

"कुठे निघालात वकिलीणबाई?" आत्याने विचारलं.

"माझ्या खोलीत."

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते मी जन्मात विसरणार नाही. "म्हणजे माझी अख्खी खिडकी मला?"

"अख्खी."

"मग ती फळी कशी काय एकटी उचलणार तू? सरक."

आम्ही दोघींनी खाट नेली, फळी नेली, टेबल नेलं. पुस्तकं नेली. माझे कपडे नेऊन लोखंडी कपाटात ठेवले, आणि कपाट खिडकीपाशी जसं होतं तसं राहू दिलं. माझ्या खोलीत कपाट कुठे असावं हे मी ठरवणार. ओली भिंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिच्यावरचा नवा रंग आत्ताच फुगायला लागला होता.

पांढरा शर्ट स्वयंपाकघरातून डोकावला. "सामान हलवायचे पैसे वेगळे होतात, ताई."

"मी फुकट हलवतेय."

"मग हरकत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा घासायला गेला. पण जाताना हसत होता.

आई नोकरीवरून आली. दारातच थबकली. खाट पाहिली, टेबल पाहिलं, माझं प्रमाणपत्र पाहिलं. ते मी मधोमध टांगलं होतं, यावेळी भोकं नसलेल्या भिंतीवर. मग आई पर्स ठेवायला आत निघून गेली. आत जाऊन ती हसली की कपाळाला हात लावला, कोण जाणे. पण माझ्यासाठी चहा तिने टाकला.

मग बाबा आले. आणि आले ते फोन कानाला नाही, समोर धरून. फोनवर मोठे काका, चेहऱ्यासकट. बाबा जिना चढता चढताच बोलत होते.

"थांब दादा, तुला दाखवतोच आता. तू येईपर्यंत पूर्ण होईल, पण अंदाज येईल. हे बघ, हा आपला हॉल!"

आणि त्यांनी फोन गर्रकन फिरवला. माझ्या खाटेवर. वाळत घातलेल्या मोज्यांवर. माझ्यावर. मी भूगोलाचं पुस्तक घेऊन मांडी घालून बसले होते.

"नमस्कार काका," मी म्हटलं.

"अरे वा! हॉलमध्ये मुक्काम?"

"हॉल नाही काका, माझी खोली आहे. मला रंगवलेली खोली द्यायची ठरली होती आणि घरात ही एकच रंगवलेली आहे. तुम्ही आलात की मागच्या खोलीत बसायचं. बसायला कूलर आहे. खुर्ची पण आहे, तीन पायांची."

"ए, हे काय चाललंय?" बाबांचा चेहरा लालबुंद. "आधी हे सगळं आत ने! दादा, तू लक्ष देऊ नकोस, पोरखेळ आहे." आणि घाईघाईने त्यांनी फोन दुसरीकडे वळवला. दुसरीकडे म्हणजे बरोब्बर ओल्या भिंतीकडे.

 बाबांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"बाथरूमची भिंत ना रे?" काका म्हणाले.

"नाही, म्हणजे... हवेने..."

"आमच्याकडे त्या जागी फ्रिज आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! नव्या घराच्या त्याच भिंतीला ओल. पेंटर बघायला यायचा होता म्हणून मी फ्रिज ढकलला तिथे. पाठ धरली माझी. त्याने आपला कोऱ्या भिंतीचा दर सांगितला, आणि मग..."

"दुप्पट घेतले मग त्याने!" मागून काकूंचा आवाज आला. "आणि फोटो पाठवताना फ्रिजसकट पाठवले यांनी! फ्रिज हॉलमध्ये का, असं एकानेही विचारलं नाही!"

आत्या भिंतीला टेकून हसत सुटली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, माझ्याच खाटेवर. "दोघं भाऊ," ती म्हणत होती, "दोघं भाऊ!" काका तिकडे हसत होते. बाबा हसत नव्हते. ते फोनकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे. ज्या घराच्या फोटोंसाठी हा सगळा खटाटोप, त्या घरात फ्रिजमागे आमचीच भिंत होती. मला त्यांची कीव यायला हवी होती का? आली थोडी. पण मी उठले नाही.

बाबांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे सामान कधी हलवणार?"

"माझी खोली तयार झाली की."

"आणि नाही झाली तर?"

"मग काकांना तुमचा हॉल कसा दाखवणार ते तुम्ही बघा. आणि आत येताना टकटक करत जा."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. आता ती बोलली. एकच वाक्य. "त्या लाटा मलाही आवडल्या नव्हत्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग एकदम स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अहो पेंटर! जरा इकडे या."

आणि पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाबांनी पांढऱ्या शर्टाला स्वतः घरभर फिरवलं. हे बघा ओल. हे बघा खिडकीखाली उखडलंय. इथे पलंगामागे पण आहे, थांबा, पलंग ओढतो. मागच्या खोलीत नेलं, कूलर हलवला, चुन्यावर हात घासून पांढरा तळवा त्याला दाखवला. अगदी आत्याच्या रोपांमागचा डागसुद्धा सोडला नाही.

"पुरे, पुरे साहेब," पांढरा शर्ट म्हणाला. "तो डाग नाही, सावली आहे."

लाटा गेल्या. त्यांच्या जागी प्लंबर आला, त्याने बाथरूमची भिंत फोडली, पाइप बदलला, आणि त्याचेही पैसे झाले. म्हणजे लपवालपवी करून वाचलं काहीच नाही, उलट वरवर मारलेला हात पुन्हा खरवडायचे वेगळे लागले. हे मी जेवताना दोनदा मोठ्याने म्हटलं. भिंत सुकायला वेळ लागतो, म्हणून तेवढे दिवस मी हॉलमध्येच राहिले आणि सगळे खरंच टकटक करत होते. एकटी आत्या सोडून. मोरपिशी भिंत मात्र मिळाली नाही. ज्यादा हाताचे पैसे आता कुठून आणणार, असं बाबा म्हणाले. माझी खोली हॉलच्या उरलेल्या रंगात झाली, फिकट सायीसारख्या. याचा राग मी जपून ठेवलाय, पुढच्या वेळेसाठी.

पण खोली झाली. माझी. कूलर गेला, डायऱ्या आत्याच्या पलंगाखाली गेल्या. 'कधीतरी उपयोगी पडेल' मात्र आई हलवू देईना, ते कोपऱ्यात राहिलं, आणि त्याच्यावर मी चादर टाकून पुस्तकं मांडली. भिंतीला टेकले तर पाठ पांढरी होत नाही. सारखं टेकून बघते मी.

काका येणार त्या सकाळी आई माझ्या दारात आली. टकटक केलं, मग आत डोकावली. जमिनीवर वह्या, खाटेवर कपडे, खुर्चीवर ओला टॉवेल.

"अग, ते यायच्या आत दार तरी लोटून घे. केवढा पसारा दिसतोय!"

मी उठले आणि दार सताड उघडलं. परत लागू नये म्हणून त्याला तीन पायांची खुर्ची टेकवून ठेवली.